लिंबाजीबाबांच्या कोरड्या विहिरी

पौषातली सकाळ होती. थंडी होती, पण बोचरी नव्हती. ज्वारीच्या पानांवर दव बसलं होतं, ऊन अंगावर घेत बसावंसं वाटत होतं, आणि आभाळ इतकं निवळ होतं की लांबचा डोंगर हात पुढे केला तर हाताला लागेल.

"खरं सांगा बाबा, तुमच्या विहिरी फसल्या किती?"

वामनराव टिळेकरांनी हे विचारलं, तेव्हा लिंबाजीबाबा अंगणात उन्हाकडे पाठ करून शेंगा फोडत बसले होते. वय चौऱ्याऐंशी. सगळा जन्म लोकांच्या विहिरी खणण्यात गेलेला. पहार खडकावर आपटायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा, आणि खाली पाणी आहे की नाही ते सांगायचं, ही त्यांची रीत. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

वामनराव त्यांचे शेजारी. दोन्ही घरांत मिळून भिंत एकच. पहारीला कान कसा लावायचा हे त्यांना लहानपणी बाबांनीच शिकवलं. पुढे वामनराव शहरात गेले, खूप शिकले, मोठे शास्त्रज्ञ झाले. आधी चंद्र, मग शुक्र, मग मंगळ. त्या त्या गोलाच्या पोटात काय दडलंय याचे नकाशे काढण्यात त्यांची तीस वर्षं गेली.

"फसल्या म्हंजी?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे खणलं, आणि पाणी लागलं नाही."

"आसं व्हय. मला वाटलं, कुनी आत पडलं का काय."

बाबांनी दोन दाणे वामनरावांच्या हातावर ठेवले.

"आन् तुझ्या किती फसल्या?"

"आमच्यात तसं नसतं, बाबा. मी तीन जगांची पोटं तपासली. हात न लावता."

"हात न लावता?"

"यान वरून फिरत असतं. खाली कुठं जड खडक असला की त्याला ओढ बसते. चाल जराशी बदलते. ती बदललेली चाल आम्ही इथं बसून मोजतो."

"मग तुझं झ्याक हाय. घमेलं उचलाय नको."

वामनराव हसले. पण ते हसू ओठांवरच राहिलं. काल गावी आल्यापासून हाच प्रश्न त्यांनी तिसऱ्यांदा विचारला होता.

बाबांनी टरफलं झटकली, काठी घेतली.

"चल. पाय मोकळं करू."

पहिली विहीर लागली ती मळ्याच्या तोंडाशी. काठोकाठ पाणी. बाबांनी पोहरा सोडला, ओढला, ओंजळीनं पाजलं. पाणी गोड होतं. काठाच्या दगडावर नाव कोरलं होतं, ज्यांचा मळा त्या मोऱ्यांच्या आजोबांचं.

"खणली तुम्ही. तुमचं नाव कुठंय?"

"हितं कशाला? पानी त्येंचं हाय."

पुढे बांधावरून चालत ते एका उघड्या माळावर आले. तिथं दुसरी विहीर. आत तरवड वाढलेली, तळाला दोन होले बसलेले. पाण्याचा थेंब नाही.

काठाच्या दगडावर वेडीवाकडी अक्षरं होती. वामनरावांनी वाकून वाचलं.

लिंबाजी.

"बाबा... हे काय उलटंच?"

बाबा होल्यांकडे बघत होते. "अंडी घातल्यात वाटतं," म्हणाले, आणि चालू लागले.

तिसरी विहीरही कोरडीच. तिच्यावरही तेच नाव. अक्षरं मात्र जरा सरळ.

चौथी ओढ्यापलीकडे, लिंबाच्या सावलीत. ती सगळ्यांत खोल आणि सगळ्यांत कोरडी. तिच्यावरचं नाव असं सुरेख कोरलेलं की मास्तरांनी फळ्यावर काढावं.

बाबांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. खूश झाले.

"तीनच अक्षरं शिकलो आयुष्यात. हात बसाय आकरा विहिरी लागल्या. अक्षर सुधारलं का न्हाई, बघ."

"अकरा फसल्या म्हणायच्या."

"आकरा."

"लाज नाही वाटली? स्वतःचं नाव... तेही इथं?"

"आमच्या थोरल्या उस्तादांची रीत हाय. पानी लागलं तर मालकाचं नाव. न्हाई लागलं तर खणणाऱ्यानं सोताचं कोरायचं, आन् मगच जेवाय बसायचं."

वामनराव काठावर टेकले. खाली बघत राहिले.

"ही कशी चुकली?"

"आवाज आला."

"कसला?"

"पहारीला कान लावला, तर खालनं धम... धम. म्हनलं, झरा हाय, मोठा हाय. अठ्ठावीस हात खनलं. मालक रोज इचारायचा, मी रोज म्हनायचो, उद्या." बाबा गालात हसले. "मग एका आयतवारी आवाज बंद. सोमवारी पुन्ना सुरू. तवा ध्यानात आलं. पल्याडच्या खाणीत सुरुंग उडवत व्हते. आयतवारी त्येंना सुट्टी."

वामनरावांना हसू फुटलं. हसता हसता ते एकदम थांबले.

"म्हणजे आवाज खोटा नव्हता."

"आवाज खरा व्हता. पान्याचा नव्हता."

"मालक काय म्हणाला?"

"लई वरडला. मग पिठलं-भाकरी वाढली. अठ्ठावीस हात खनलेला माणूस उपाशी कसा धाडंल?"

वर लिंबावर एक खार खालीवर पळत होती.

मग वामनराव सांगू लागले. मंगळावर एक मोठं सपाट मैदान आहे. त्याच्या पोटात अतिशय जड खडकाचा गोळा आहे, असं त्यांनी वीस वर्षांपूर्वी शोधून काढलं. जगभरातले शास्त्रज्ञ त्याला 'टिळेकर गोळा' म्हणू लागले. त्याच्यावर व्याख्यानं झाली, मानसन्मान झाले. गावच्या शाळेनं तर आठवड्यापूर्वी मंगळाचा नकाशा भिंतीवर रंगवला, आणि बरोबर मध्ये लाल रंगात त्या गोळ्याचं नाव घातलं. आज दुपारी त्याच भिंतीपुढे त्यांचा सत्कार होता.

"ते ठाव हाय. मला बी फेटा बांधायचाय म्हनं."

"बाबा... तो गोळा तिथं नाहीच."

बाबांनी फक्त मान वळवली.

"नसरीन नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे. तिनं शोधून काढलं. उन्हालासुद्धा जोर असतो. अगदी मुंगीच्या फुंकरीएवढा, पण असतो. आमचं यान त्या मैदानावरून जायचं, तेव्हा दर वेळी त्याच्या पंखावर ऊन एकाच बाजूनं पडायचं. यान हलायचं ते उन्हानं. मला वाटलं, खालून गोळा ओढतोय."

"यान हललं व्हतं नव्हं?"

"हललं होतं."

"मग सुरुंगच की रं."

वामनरावांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. हसत होते की काय, कळलं नाही.

"पोरगी गुणाची आहे. छापायच्या आधी मलाच पाठवलं. लिहिलंय, सर, तुम्ही हो म्हणाल तरच पुढे देते. सहा दिवस झाले, मी उत्तर दिलं नाही. पुन्हा तपास, एवढं जरी लिहिलं, तरी तिची दोन वर्षं जातील. तोवर मी निवृत्त होईन. कुणी विचारणारसुद्धा नाही."

"आन् ती काय करंल दोन वर्सं?"

"खणत बसेल."

"पानी न्हाई ठाव असून?"



बाबांनी शेंगांचा उरलेला पुडा कनवटीतून काढला, दोघांच्या मध्ये ठेवला. स्वतः एक घेतली. सावकाश फोडली. आत तीन दाणे निघाले, तर त्यांना फार आनंद झाला. ते त्यांनी वामनरावांना दाखवलेसुद्धा.

वामनरावांनी खिशातून फोन काढला. ओढ्यापलीकडे रेंज धड नव्हती. ते उठले, विहिरीच्या काठावर चढले, हात उंच केला.

"आरं, पडशील. मग खरंच म्हनावं लागंल, विहीर फसली."

"गेला, बाबा."

"काय लिवलंस?"

"तुझं बरोबर आहे. आजच दे. माझी चूक कशी झाली तेही त्यात घाल, सगळं, नावानिशी."

ते खाली उतरले. मोठा श्वास घेतला, आणि पुड्यातल्या शेंगांवर असा हात मारला की कालपासून जेवले नसावेत. खरंच जेवले नव्हते.

थोड्या वेळानं लांबून, शाळेकडून, ताशाचा आवाज येऊ लागला. पोरं सत्काराची तालीम करत होती. ताशा एकीकडे, ढोल भलतीकडे. बाबा काठीनं ठेका धरून बघत होते, पण कशालाच जुळत नव्हता.

वामनरावांचं तोंड पुन्हा उतरलं.

"बाबा, ती भिंत... त्यांनी एवढ्या हौसेनं रंगवलीय. आता जाऊन आधी ते माझं नाव पुसायला सांगतो. जिथं काही नाहीच, तिथं माझं नाव कशाला?"

लिंबाजीबाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. काठाच्या दगडावर लिंबाची पानं पडली होती, ती त्यांनी धोतराच्या सोग्यानं झाडली. अक्षरांत अडकलेली माती नखानं काढली, फुंकर घातली. तीन अक्षरं उन्हात स्वच्छ दिसू लागली.

मग त्यांनी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, वामना. फुडचा तहानेला तितं पोहरा सोडायचा न्हाई."