हौसाची हिवाळ्याची बेगमी

डोंगराच्या अगदी शेंड्याशी, दमलेले ढग जिथे दुपारी टेकायला येतात, तिथे धुकेवाडी नावाचं एक चिमुकलं गाव होतं. हिवाळा आला की तिथे पांढराशुभ्र बर्फ पडायचा, खाली जाणाऱ्या वाटा बुजून जायच्या आणि वसंत येईपर्यंत गावातून हलता यायचं नाही. म्हणून झाडांची पानं पिवळी होऊ लागली की घरोघरी बेगमीची धांदल उडायची. कुणी कणग्या भरायचं, कुणी लालचुटूक मिरच्या वाळवायचं, कुणी सरपण रचायचं.

गावाच्या टोकाला एक झोपडी होती. तिथली मडकी मात्र रिकामीच होती. त्या झोपडीत हौसा राहायची, बाबांबरोबर आणि टिल्लू-मैना या धाकट्या भावंडांबरोबर. आई देवाघरी गेली होती. बाबा रानात लाकडं तोडायचे, पण यंदा झाडावरून पडून त्यांचा पाय मोडला होता. मग हौसानेच काटक्या जमवल्या, त्यांचे छान छान खराटे बांधले आणि वर्षातल्या शेवटच्या बाजाराला ती निघाली.

"खराटा घ्या, नाचणी द्या! खराटा घ्या, नाचणी द्या!"

"थंडीत खराटा कशाला गं?" एक दुकानदार म्हणाला. "अंगणात बर्फच तर असणार!"

"काल का नाही आलीस? काल घेतला असता," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने सगळेच्या सगळे खराटे घेतले आणि त्याबदल्यात गोणीखाली सांडलेलं गोळा करून दिलं. मूठभर नाचणी, मूठभर कुळीथ आणि मिठाचा एक इवलासा खडा.

"एवढंच?" हौसाने विचारलं.

"हिवाळा तोंडावर आला की भाव चढतात, पोरी."

परतताना रानातल्या बोरीखाली हौसा मटकन बसली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती जोरात ओरडली, "वैतागले बाई मी! वैतागले, वैतागले, वैतागले!"

"अगं हळू! कान फुटले माझे!"

बोरीच्या फांदीवर अंगठ्याएवढी एक परी बसली होती. तिचा झगा पोपटी होता, पंख चतुरासारखे निळेजांभळे लखलखत होते, आणि केसांत दवाचे मोती होते. तिने दोन्ही कान गच्च धरले होते.

"वैतागले तर मीसुद्धा आहे," परी म्हणाली. "पानं गळायला लागली की जो तो येतो आणि मागत सुटतो. गाडीभर गहू दे, घागरभर तूप दे! बोल, तुला किती पोती हवीत?"

"पोती नकोत," हौसा म्हणाली. "माझ्या ओटीत आहे तेवढंच हिवाळाभर पुरलं तर बरं होईल. भावंडं लहान आहेत माझी."

परीने कानांवरचे हात काढले. तिचा आवाज मऊ झाला.

"तुझ्या तीन वस्तूंसाठी तीन वर देते. पण माझे नियम आहेत, बाळ. तू स्वतः मिळवलंस तेवढंच मी वाढवीन. ते मडक्यांत ठेव, तू काढशील तसं पुन्हा भरेल. मात्र दारी कुणी मागायला आलं, तर नाही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"आणि देताना कपाळाला आठी घालायची नाही. एक जरी आठी पडली, तरी जादू संपली. मग मडक्यात असेल तेवढंच तुझं."

हे काय अवघड आहे, असं हौसाला वाटलं. शेजारच्या साळूमामींची तिला आठवणच झाली नाही.

घरी येऊन हौसाने तिन्ही वस्तू तीन मडक्यांत ठेवल्या, तशी मडकी काठोकाठ भरून आतून चमकू लागली. साळूमामींचा माळाही धान्याने खच्चून भरला होता. तरी रोज सकाळी त्या वाटी घेऊन दारात हजर!

"मीठ दे गं जरा. आमचं आहे, पण ते राखून ठेवलंय."

"नाचणी दे थोडी. आमची कणगी आत्ताच कशाला उघडू?"

"तुझ्या कुळथात खडे फार हो! निवडून देत जा."

आणि हौसा हसून देत राहिली. हसून हसून तिचे गाल दुखू लागले. मामींची चाहूल लागली की ती तळहाताने कपाळ चोळून सपाट करायची आणि मगच दार उघडायची.

"ताई, डोकं दुखतंय का?" मैना विचारायची.

"नाही गं, मामी आल्यात."

एके दिवशी बाहेर भुरुभुरु बर्फ पडत होता. तव्यावर भाकरी होती, ओल्या सरपणाचा धूर हौसाच्या डोळ्यांत जात होता, तेवढ्यात टिल्लूने पाण्याची कळशी लवंडवली. बाबा आतून म्हणाले, "हौसा, पाणी दे गं," आणि नेमक्या तेव्हाच साळूमामी आल्या.

"अगं हौसे, काल दिलेल्या नाचणीची भाकरी चिरली हो. आज जरा चांगली बघून दे."

हौसाने वाटी भरून दिली. पण कपाळावर आठी पडली. एक पडली, मागोमाग दुसरी पडली.

मडक्यांतली चमक दिवा विझावा तशी विझली. हौसाने हात घालून पाहिलं. मूठभर काढलेली नाचणी पुन्हा भरलीच नाही. ती चुलीपाशी बसून रडली. मग डोळे पुसून तिने भाकऱ्या बंद केल्या आणि पातळ पेज शिजवायला सुरुवात केली. तरीही मडकी खाली खाली जात राहिली.

असेच दिवस गेले आणि एका सकाळी मोठं वादळ आलं. बर्फाच्या भाराने साळूमामींचं छप्पर माळ्यासकट कोसळलं. सगळी बेगमी ढिगाऱ्याखाली गेली. मामी हौसाच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात वाटी नव्हती, कडेवर थरथरणारा नातू बारकू होता. त्यांनी काही मागितलं नाही. मान खाली घालून नुसत्या उभ्या राहिल्या.

हौसाच्या कपाळावर आठ्यांचं जाळं पडलं.

"आधी आत या! दार उघडं ठेवून थंडी कशाला घेताय घरात? रोज माझं मीठ नेलंत, नाचणी नेलीत, वर कुळथात खडे काढलेत! आणि आता मुक्या झालात? बसा चुलीपाशी. पोराचे पाय ओले आहेत, पुसा ते!"

असं बडबडतच तिने तळाची नाचणी काढली. त्या दोन मुठीच उरल्या होत्या.

"पोरी, मग उद्या काय?" बाबांनी हळूच विचारलं.

"उद्याचं उद्या बघू, बाबा. पोरगं आज उपाशी आहे ना!"

तिने सगळी नाचणी दळली, पेज केली आणि पहिली वाटी बारकूच्या हातात दिली. त्याने ती फुंकून फुंकून चाटूनपुसून संपवली.

तोच झोपडीत मंद सोनेरी उजेड पसरला. रिकाम्या मडक्याच्या काठावर परी बसली होती. तिच्या पंखांवर बर्फाच्या चिमुकल्या चांदण्या होत्या.

"हौसा, तू आठ्या घातल्यास."

"घातल्या!" हौसा म्हणाली. "मला राग आला तर मी काय करू? पण राग आला म्हणून उपाशी पोराला परत पाठवता येतं का?"

परीने रिकाम्या मडक्यात डोकावून पाहिलं. मग ती छुमछुम घुंगरांसारखी हसली.

"माझाच नियम चुकला, बाळ. भरल्या मडक्यातलं हसत कुणीही देईल. तू तळाचं दिलंस, ते पुन्हा भरणार नाही हे माहीत असूनही दिलंस. माझा आठ्यांचा नियम मी मोडून टाकते."

तिने तिन्ही मडक्यांना बोट लावलं. नाचणीचे तांबूस मोती सरसर वर आले, कुळीथ काठापर्यंत भरले, मिठाचे खडे हिऱ्यांसारखे लुकलुकले.

"आता वसंतापर्यंत काळजी नाही," परी म्हणाली. ती हळूहळू गुलाबी झाली, मग सोनेरी, मग नुसताच उजेड झाली. तो उजेड छपरातल्या फटीतून वर गेला, बाहेरचा बर्फ क्षणभर केशरी दिसला, आणि परी नाहीशी झाली.

 बारकूने रिकामी वाटी पुढे केली. हौसा आणखी दळायला उठू लागली, पण साळूमामींनी तिला खांदा धरून खाली बसवलं.

"तू बस, माझी बाय. पेज दे त्याला, तूही खा," त्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावत त्यांनी जातं आपल्याकडे ओढलं आणि सगळ्यांच्या भाकऱ्यांसाठी नाचणी दळायला घेतली.