मागून आणलेल्या अंगड्याची कहाणी

ऐक जिवतीमाये, तुझी कहाणी. आटपाट गाव होतं. गावाला नदी होती, नदीच्या अंगाला साळ्यांची आळी होती. आळीत कोंडाजी साळी राहत होता. हाताचा बारीक, तोंडाचा तुसडा. त्याच्या लुगड्यात गाठ सापडायची नाही, त्याच्या मानेला वाक सापडायचा नाही. उभ्या जन्मात त्यानं शेजारी विस्तव मागितला नाही. चूल विझली तर गारगोटी घासत बसे.

कोंडाजीला एक लेक होता, लेकाची बायको सगुणा. घरात माग चाले, चूल चाले, पण पाळणा टिकेना. पहिलं लेकरू झालं, दात न येता गेलं. दुसरं झालं, रांगता रांगता गेलं. तिसरं झालं, भिंतीला धरून उभं राहिलं आणि गेलं. वर्ष कुणाचं पुरं झालं नाही. तिन्ही वेळा कोंडाजी उठला, मागावरचं नवं कापड हातानं मोजलं, फाडून लेकरावर पांघरायला दिलं.

मग सगुणा पुन्हा बाळंत झाली. मुलगा झाला. घरात आनंद कुणी केला नाही, सगळे भ्याले. एका शुक्रवारी दारात म्हातारी आली. काखेत बोचकं, कपाळाला मळवट. सगुणा बाळाला पदराखाली घेऊन बसली होती.

म्हातारी म्हणाली, "बाई बाई, लेकरू झाकतेस का?"

"दिसलं तर जाईल, म्हणून झाकते."

"झाकून राहत नाही. मी वसा सांगते, तो घे. घेशील, तर पाळायला हवा."

"पाळीन, आजी. उतणार नाही, मातणार नाही."

"मग ऐक. वर्ष पुरं होईतो लेकराच्या अंगाला नवा धागा लावू नको. ज्यांची लेकरं वाढली त्यांच्या दारी जा, जुनं अंगडं माग. विकत घ्यायचं नाही, बदल्यात द्यायचं नाही. नाव चिंधू ठेव. माझा म्हणू नको, मागून आणला म्हण. नेणारा उंबऱ्याशी येईल, वास घेईल. परक्या घरचा वास आला, की घर चुकलं म्हणेल, पुढं जाईल. वसा मोडलाच, तर ज्यानं मोडला त्यानंच मागून जोडायचा. दुसऱ्यानं मागितलेलं चालायचं नाही."

एवढं बोलून म्हातारी वळली, आळीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली. ती जिवती होती.

मग सगुणानं काय केलं? पदर पसरला. कुंभाराकडून अंगडं आणलं, तेल्याकडून टोपडं आणलं, सुताराकडून दुपटं आणलं. कशाला ठिगळ, कशाला तेलाचा डाग. चिंधूला घातलं. कोंडाजीनं तोंड फिरवलं.

"साळ्याचं पोर, आणि तेल्याचं टोपडं. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणू देत, मामंजी. म्हणायला पोर तर हवं."

कोंडाजी मागावर बसला. धोटा टाकायला लागला. पण धोटा टाकता टाकता मध्येच थांबे, कानोसा घेई. पोर रडलं की भिई, पोर गप्प झालं की जास्त भिई. चिंधूला दात आला. चिंधू रांगला. चिंधू भिंतीला धरून उभा राहिला, त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

वर्ष भरत आलं. लेक लुगडी घेऊन पेठेला गेला. कोंडाजीच्या मनानं उचल खाल्ली. म्हणाला, वाढदिवसाला तरी नातू आपल्या मागावरचं घालेल. तेव्हा वसा पुरा झालेला असेल, दोष नाही. मग त्यानं लाल रेशीम काढलं, हिरवी किनार घातली, पातळ कापड विणलं. त्याची कुंची बेतली, शिवली. पण साळ्याचा जीव. माप बघितल्याशिवाय काम झालं असं त्याला वाटेना. सगुणा पाण्याला गेली होती. त्यानं पोराला उचललं, टोपडं काढलं, कुंची घातली. बरोबर बसली. मग नुसती बघून ठेवायची, तर तो पोराला घेऊन दारात उभा राहिला.

समोरच्या घरचा म्हणाला, "कोंडाजी, कुणाचा राजपुत्र आणलास?"

कोंडाजी म्हणाला, "माझा नातू आहे."

मग कुंची काढली, पेटीत ठेवली, टोपडं चढवलं. सगुणा आली, तिला कळलं नाही. तिन्हीसांजेला पोर दूध पिईना. सकाळी अंग तापलं. दुसऱ्या दिवशी हाक मारली तरी बघेना. वैद्य झाला, अंगारा झाला, दृष्ट काढून झाली. उतार नाही. सगुणा पोराचं अंग पुसायला बसली. गळ्याच्या वळीत तिला काही लागलं. ओढून काढलं, तर लाल रेशमाचा धागा.

"मामंजी, हे काय?"

"माप घेतलं," कोंडाजी म्हणाला.

सगुणानं धागा खाली ठेवला. म्हणाली, "तिघांचं तुम्हीच मोजलंत. याचं जितेपणीच मोजलंत."

कोंडाजीनं खालचा धागा उचलला. सगुणा म्हणाली, "मी मागायला गेले असते, पण माझं चालायचं नाही. मोडला त्यानं जोडायचा." मग कोंडाजीनं पागोटं बांधलं, कुंची कमरेला खोवली आणि पायरी उतरला.

पहिल्या दारी गेला. ते दार कासाराचं. कासारीण बाहेर आली, "या कोंडाजीबाबा, लुगडं घेऊन आलात का?" त्यानं तोंड उघडलं, पण जन्मात न बोललेला शब्द तोंडात फिरेना. म्हणाला, "नाही. सहज आलो होतो." आणि मागं फिरला.

दुसऱ्या दारी गेला. ते दार गुरवाचं. इथं बोलला. म्हणाला, "तुमच्या पोराचं जुनं अंगडं द्या. बदल्यात ही घ्या." आणि रेशमाची कुंची पुढं केली. गुरवीण मागं सरली. म्हणाली, "बाबा, हा सौदा झाला. वशाला सौदा चालत नाही. सगुणा मोकळ्या हातानं आली असती, तर मी कधीच दिलं असतं." कोंडाजी नदीवर आला. कुंची पाण्यात सोडली. लाल रेशीम पाण्यावर पसरलं, वाहत गेलं. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

मग नदी उतरून पलीकडे गेला. तिथं धनगराचं पाल होतं. मेंढरं बसली होती, धूर निघत होता. एक बाई दळत होती, तिचं पोर मांडीशी खेळत होतं. अंगात लोकरीचं अंगडं, मळलेलं, कोपरावर फाटलेलं.

"कोन पाहिजे, म्हातारबा?"

कोंडाजी उभा राहिला. मागावर नवं कापड ताणलेलं होतं, ते त्याला डोळ्यांपुढं दिसलं. ते मला मोजायचं नाही, असं तो मनाशी म्हणाला. मग त्यानं पागोटं काढलं, हात पसरले, मान वाकवली.

"माई, घरात पोर तापलंय. वर्ष भरायचं आहे. तुझ्या लेकराच्या अंगावरचं एक फडकं वाढ."

बाई जात्यावरून उठली. "तुमी साळी न्हवं? आमी कापडाला तुमच्या आळीत येतो."

"येत असाल. आज मी आलोय."

"मेंढराचा वास हाय त्याला. टोचंल तुमच्या लेकराला."

"टोचू दे."

"थांबा तर, धुऊन देते."

"धुऊ नको. आहे तसं दे."

बाई हसली. "साळ्याला मळकं पसंत पडलं. आता मेंढरं ओव्या म्हनतील." तिनं पोराच्या डोक्यावरून अंगडं ओढून काढलं. पोर उघडं पडलं, त्यानं भोकाड पसरलं. "रड मेल्या, तुझं आंगडं मोठ्या घरी चाललंय." कोंडाजीनं अंगडं घेतलं, अजून ऊबदार होतं. कपाळाला लावलं. घरी आला, स्वतःच्या हातानं चिंधूला घातलं, आणि दारात येऊन बसला.

दिवेलागण झाली. आळीतून एक माणूस आला. धोतर पांढरं, पायाला धूळ नाही.

"हे कोंडाजी साळ्याचं घर?"

"हो."

"तुझा नातू आत आहे?"

कोंडाजीच्या जिभेवर हो आलं होतं. ते त्यानं गिळलं. "नातू नाही. मागून आणलेलं पोर आहे."

"कुठून मागितलंस?"

"धनगराच्या पालातून."

"तू कधी कुणापाशी मागत नाहीस, असं ऐकलं होतं."

"आज मागितलं."

माणसानं उंबऱ्यावरून मान आत घातली, वास घेतला. मेंढरं, आंबलेलं दूध, शेणाचा धूर. "घर चुकलं," म्हणाला आणि आळीबाहेर निघून गेला.

आतून रडणं ऐकू आलं. लोकर टोचत होती, चिंधू अंगडं ओढत होता, घसा फोडून रडत होता. सगुणा त्याला धरून बसली होती, तीही रडत होती. घाम फुटला, ताप उतरला. पोरानं दूध ओढलं.

मग वर्ष पुरं झालं. लेक पेठेहून आला. पाच सवाष्णींनी ओवाळलं, जिवतीला पुरणाचा नैवेद्य दाखवला. सगुणा म्हणाली, "माझा चिंधू." वर्षात पहिल्यांदा म्हणाली.

पुढं आळीत एक सून बाळंत झाली. तिचीही दोन गेली होती. तिनं वसा घेतला, पण पहिल्या दाराशीच लाजून उभी राहिली. पदर पसरेना. कोंडाजीनं मागावरून बघितलं. धोटा ठेवला, उठला, पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि तिच्याजवळ गेला.

म्हणाला, "चल पोरी. कसं मागायचं ते मी दाखवतो. मला येतं."

जशी जिवती सगुणेच्या चिंधूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्यांची लेकरं रांगतात त्यांची उभी राहोत, ज्यांची उभी राहतात त्यांची चालोत. ज्याला मागवत नाही त्याची मान वाको, ज्याच्यापाशी आहे त्याचा हात सैल होवो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत आटोपली, ऐकणारणींच्या ओटीत फळाला येवो.