भिंगरीच्या पोटातले बिऱ्हाडकरू

माणसं पोटातल्या बाळाला पाढे ऐकवू लागली, त्याच्या फार आधीची ही गोष्ट. भिंगरी शेळी गाभण होती. पिल्लू हुशार निघावं म्हणून राघू गुरुजी रोज झाडावरून उडत येऊन तिच्या पोटाशी बसून पाढे म्हणायचे. पण तिच्या आतड्यात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव सारखे गुडगुडायचे.

"हा गोंधळ चालायचा नाही," गुरुजी वैतागले. "हा जालीम पाला खा आणि त्या टोळक्याला हाकलून दे."

भिंगरीने पाला खाल्ला. पोट गप्प झालं. गुरुजींनी निवांत एकोणतीसचा पाढा म्हटला. पण एरवी लाथा झाडणारं पिल्लूही गप्प पडलं होतं.

भिंगरी घाबरली. पाटलीणबाईंच्या अंगणात मडकंभर आंबट आंबील होती, तसल्याच जिवांनी फसफसणारी, ती तिने चाटूनपुसून संपवली. दोन दिवसांत पोट पुन्हा गुडगुडलं.

"आलो गं," आतले जीव म्हणाले. "पिल्लाच्या डोक्याचं काम अर्धवट राहिलंय."

लगेच आतून लाथ बसली, नेमकी गुरुजींच्या चोचीवर.

पिल्लू जन्मलं ते चुणचुणीत. "माझ्या पाढ्यांचा गुण," म्हणत गुरुजींनी पुन्हा सुरुवात केली.

पिल्लाने आईच्या पोटाला कान लावला. "गुरुजी, जरा हळू. माझ्या मास्तरांचं ऐकू येत नाहीये."