सासूबाईंची परवानगी

एकदा डोंगराआडच्या एका वस्तीवर एक वृद्ध परिचारिका आपल्या शिष्येला घेऊन गेली. भर दुपार होती, तरी वस्तीत चिटपाखरू नव्हतं. पहिल्याच घरात सारजा नावाची बाळंतीण तापानं फणफणली होती. तिला लगेच दवाखान्यात हलवलं नाही, तर ती वाचणार नव्हती. गाडी दाराशी उभी होती.

खोलीला खिडकी नव्हती. कोपऱ्यात पसरलेल्या पिठावर दिवा तेवत होता. शिष्या हुशार खरी, पण भारी उतावळी. रोग्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून तिनं तोच दिवा उचलला.

सारजाच्या नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्या सासूचा, आत्याबाईंचा दिवा हाय त्यो," सारजा म्हणाली. "चार दिस झालं त्यास्नी जाऊन. त्यांचा दिवा हलवला, आता त्या मला उंबरा ओलांडू द्यायच्या न्हाईत."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. शिष्येनं समजावलं, धाक घातला, शेवटी गयावया केली. सारजा हलेना.

वृद्ध परिचारिकेनं दिवा घेतला, पिठावर होता तिथं ठेवला आणि त्या रिकाम्या कोपऱ्यासमोर मांडी घालून बसली.

"आजी, पोरीला ठाऊक नव्हतं, पदरात घ्या. तुमच्या सुनेला दवाखान्यात न्यायचं आहे. नेऊ का?"

मग ती थांबली. समोरच्याचं ऐकायला माणूस थांबतो, तितकीच. वारा नव्हता, तरी ज्योत दाराकडे कलली.

सारजा उठून बसली. "जा म्हंत्यात," ती कुजबुजली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शिष्येनं विचारलं, "बाई, तिथं खरंच कुणी होतं?"

"मला दिसलं नाही. पण त्या घरात कुणाला कधी, कुठं न्यायचं, हे इतकी वर्षं तीच म्हातारी ठरवत आली. चार दिवसांत तिचा शब्द कसा विरेल? आपण नाडी पाहतो, ताप मोजतो. रोगी कुणाच्या शब्दात आहे, हे मात्र विचारत नाही. मग त्याच्या उशाशी असूनही आपण उंबऱ्याबाहेरच राहतो."

सारजा वाचली. पंधरवड्यानंतर शिष्या एकटीच तिच्या विचारपुशीला गेली. कोपरा सारवून लख्ख केला होता. सारजा अंगणात बाळाला तेल लावत होती.

"बसा की आत, ताई. घरात कुणी न्हाई," ती म्हणाली.

शिष्या उंबऱ्याशी थबकली आणि आतल्या अंधाराकडे पाहून हळूच म्हणाली, "येऊ का?"

आतून काय ऐकू आलं, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पण ते ऐकल्यावरच तिनं पाऊल उचललं.