कासवबुवांचे ध्यान

एका जंगलात एक तळे होते आणि त्याच्या काठी एक कासव राहत असे. मुलांनो, हे कासव फार भित्रे होते. नुसते पान गळले तरी त्याची पाचावर धारण बसायची आणि ते डोके-पाय आत ओढून घ्यायचे. एका पहाटे ते असेच आत दडून बसले असताना धुक्यातून एक बगळा आला आणि म्हणाला, "इंद्रिये कशी आवरून घेतली आहेत. हा तर मोठा योगी दिसतो." खरे काय ते कासवाने तेव्हाच सांगायला हवे होते. पण ऐकूनच त्याच्या अंगावर मूठभर मांस चढले, आणि ते गप्प राहिले.

मग काय, कासवाचे झाले कासवबुवा. रोज पहाटे तळ्यावर धुके तरंगत असे, पाणी झोपेत असल्यासारखे निश्चल असे, आणि काठावर सारे प्राणी डोळे मिटून बसत. त्यांत एक खार होती. तिचा जीव कायम टांगणीला. मला तुमच्यासारखे निर्भय व्हायचे आहे, असे म्हणून तिने बुवांचे पाय धरले. बुवांनी तिला सांगितले की डोळे मीट, श्वासाकडे बघ आणि काहीही वाजले तरी जागची हलू नकोस. भोळी खार तसेच करू लागली.

एके दिवशी धुके फारच दाट होते. गवत हळूच सळसळले. रानमांजराचा वास आला तसे बाकीचे प्राणी पसार झाले आणि बुवाही सवयीने आत शिरले. खार मात्र हलली नाही. आतल्या अंधारात कासवाला एकदम कळले की आपल्याला कवच आहे, तिला नाही, आणि ती आपल्या शब्दावर विसंबून बसली आहे. बोलावे तर बुवापण जाणार. न बोलावे तर खार जाणार. त्याने मान बाहेर काढली आणि ओरडून सांगितले, "पळ, झाडावर चढ. मी ध्यान करत नाही गं, भिऊन आत लपतो."

खार सर्रकन झाडावर गेली. मांजराच्या हाती शेपटीचे चार केस लागले. ही हकिकत कळल्यावर प्राणी हसले, बगळा तर तोंड फिरवून उडून गेला. कासवाला फार वाईट वाटले, पण या वेळी ते आत शिरले नाही. त्याचा श्वास सावकाश, पार पोटापर्यंत जाऊ लागला. धुके विरून तळ्यावर कोवळे ऊन पसरताना त्याने पहिल्यांदाच पाहिले.

फांदीवरून खारीने विचारले, "आता भीती नाही वाटत?"

"वाटते," कासव म्हणाले, "पण आता ती लपवावी लागत नाही."

खार खाली उतरली आणि डोळे उघडे ठेवूनच त्याच्या शेजारी बसली.

तात्पर्य : आपण जसे आहोत तसे कबूल करणे, हेच योगाचे पहिले आसन; ते जमले नाही, तर बाकीचे सारे सोंग.