चिंचेवरची चाळीस मडकी

जनावरं माणसाच्या दावणीला जायच्या आधीची ही गोष्ट. चंद्री म्हैस रानात दुधाचा रतीब घालायची. रीत अशी होती, की गिऱ्हाइकानं आपलं मडकं तिच्या चिंचेला टांगायचं आणि रतीब बंद करायचा असला की काढून न्यायचं.

कोल्हा तिचा कारभारी. तो रोज मडकी मोजायचा. "आक्का, चाळीसच्या चाळीस! रिटेन्शन शंभर टक्के."

"म्हणजे काय रे बाबा?"

"म्हणजे एकही गिऱ्हाईक तुटलं नाही."

"मग निम्म्या मडक्यांत कालचं दूध नासून का पडलंय?"

"ते आपण मोजत नाही. तुम्ही फक्त सगळी मडकी भरा."

चंद्रीनं वाद घातला नाही. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं. कास पुरेना, म्हणून कोल्हा दुधात पाणी घालू लागला. मग आणखी मडक्यांतलं दूध तसंच राहू लागलं. रोज सकाळी ती ते ओतायची, मडकी घासायची आणि पुन्हा भरायची.

एका सकाळी सशीण आली आणि तिनं आपलं मडकं खाली काढलं. "मावशी, राग मानू नका. दूध पार पाणचट झालंय. बाकीचे न सांगताच गेले, मला तसं जमेना."

कोल्ह्यानं कपाळावर हात मारला. "अडीच टक्के गळती! आक्का, ही एकटी आपला आकडा बिघडवून गेली."

चंद्रीनं उरलेल्या एकोणचाळीस मडक्यांकडे पाहिलं आणि ती हळूच खाली बसली.

"अरे, रोज दूध प्यायला येत होती ती हीच एकटी."