नगाऱ्यावाचूनची सकाळ

एका राज्यात सूर्य आपणहून उगवत नसे. हसू नका, तिथल्या चांगल्या शहाण्यासुरत्या लोकांचा तसा पक्का समज होता. डोंगरावर कपालकेतू नावाचा मांत्रिक राहत असे. तो पहाटे नगारा वाजवी, मग तांबडं फुटे. या उपकाराच्या बदल्यात तो दरसाल एक तरुण नेई आणि तांब्याचा पुतळा करून अंगणात उभा करी. यंदा पाळी आली राजपुत्र मणिध्वजावर. राज्य अंधारात बुडण्यापेक्षा एक घर बुडालेलं बरं, असं मनाला समजावून राजाने काळजावर दगड ठेवला आणि पोटचा पोर दिला.

मणिध्वजाची धाकटी बहीण चित्रांगी मात्र ऐकेना. भावावाचून तिला घास गोड लागेना. ती तडक डोंगर चढली.

पहिल्या दारावर लांब वाकड्या चोचीचा धनेश पक्षी बसला होता. "उत्तर चुकलीस तर तूही तांब्याची होशील, राजकन्ये," तो म्हणाला. "ऐक. मंतरलेलं प्रत्येक फळ चमकतं. हे फळ चमकतं आहे. मग ते मंतरलेलं का?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "घासूनपुसून ठेवलेलं फळही चमकेल, पक्षिराज. एवढ्यावरून ठरत नाही."

दार उघडलं. धनेश उडून दुसऱ्या दारावर बसला. तिथे एक पहारेकरी उभा होता. "शापित माणसाला सावली नसते. त्या पहारेकऱ्याला सावली आहे."

"मग तो शापित नाही. हे मात्र ठरलं."

"मघाशी अडखळलीस, आता झटक्यात बोललीस."

"मघाशी वाटा दोन होत्या. आता एकच उरली."

धनेश खूश झाला आणि वाटेतून बाजूला सरला.

तिसरं दार अंगणात उघडत होतं. पुतळ्यांच्या रांगेत मणिध्वज उभा होता. चित्रांगीला रडू कोसळलं. मग डोळे पुसून ती नगाऱ्यापाशी गेली. पहाट होत आली होती, कपालकेतू टिपऱ्या घेऊन सज्ज होता.

"तिसरा प्रश्न माझा," तो म्हणाला. "सूर्याला वर कोण आणतं?"

"आधी मला सांगा, नगाऱ्यावाचून तो कधी उगवला आहे?"

"कधीच नाही."

"आणि नगारा न वाजता कधी राहिला आहे?"

"छे. मी एक पहाट चुकवली नाही."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

मांत्रिक गडबडला. असं त्याला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. "तुला तरी ठाऊक आहे का?"

"नाही. म्हणून तर पाहायचं," असं म्हणून तिने टिपऱ्या हिसकावल्या आणि दरीत भिरकावल्या. तिने अजून उत्तरच दिलं नव्हतं, त्यामुळे त्याला मंत्रही टाकता येईना.

आता वाट पाहणं आलं. नगारा ऐकू येईना म्हणून खाली नगरात लोक देव पाण्यात घालून बसले.

आणि रोजच्या जागी, रोजच्या वेळी सूर्य उगवला.

सौदाच खोटा निघाला, तसा त्यावर उभा असलेला शाप तुटला. तांबं पापुद्र्यासारखं गळून पडलं आणि सगळे तरुण आळोखेपिळोखे देत जागे झाले. कपालकेतूची विद्या गेली, पण हात बरा होता. पुढे तो लग्नांत वाजवू लागला, आणि खरं सांगायचं तर छान वाजवी.

दुसऱ्या पहाटे राजा सज्जात येऊन बसला, दोन्ही मुलांना जवळ घेऊन.

"काल चुकून उगवला असेल तर?" त्याने हळूच विचारलं.

"नगाऱ्यावाचून उगवत नाही, हे खोटं ठरायला एक सकाळ पुरली, तात," चित्रांगी हसून म्हणाली.

राजा मणिध्वजाकडे वळून म्हणाला, "तुला देण्याआधी मी तेवढी एक सकाळ थांबलो नाही, बाळा."

मणिध्वजाने बापाचा हात हातात घेतला. समोर सावकाश उजाडत होतं.